टोळीतलं शेंडेफळ: प्राणीमित्रांच्या गोष्टीत धाकटं पात्र कसं घडवायचं

चित्रकथा किंवा कार्टून करायला बसलेला नवा माणूस बहुतेक वेळा धाकट्यापासूनच सुरुवात करतो. मोठाले डोळे, गुबरे गाल, बोबडे बोल, झालं पिल्लू तयार. मग त्याच्याभोवती एक ससा, एक अस्वल, एक घुबड आणून उभं करायचं. दोन गोष्टी बऱ्या जातात. तिसऱ्या गोष्टीत लक्षात येतं की पिल्लू गोड आहे, पण त्याला कामच काही नाही. ते कोपऱ्यात उभं राहून टाळ्या पिटतंय.

लहान मुलांसाठी प्राण्यांची टोळी रचू पाहणाऱ्या, लिहिणाऱ्या किंवा चितारणाऱ्या नवख्यांसाठी हा लेख आहे. पुढे दोनचार उदाहरणं येतील, पण भिस्त एकावरच आहे: विनी-द-पू या अस्वलाच्या जंगलातला रू, कांगारूचं पिल्लू. ए. ए. मिल्न यांचं पूच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक १९२६ साली आलं, दुसरं १९२८ मध्ये. गोष्टींतलं रान म्हणजे इंग्लंडच्या ससेक्समधलं अ‍ॅशडाउन फॉरेस्ट, आणि बहुतेक पात्रं म्हणजे त्यांच्या मुलाची, ख्रिस्तोफर रॉबिनची, कापडी खेळणी. ती खेळणी आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेमागे बसलेली आहेत. रू मात्र तिथे नाही. १९३० च्या दशकात तो सफरचंदांच्या बागेत हरवला, तो हरवलाच. सगळ्यात छोटं खेळणं हरवावं, यात नवल नाही.

पायरी १: आधी टोळी, मग धाकटा

आपल्याकडे प्राणीमित्रांच्या टोळ्या काही नव्या नाहीत. पंचतंत्रातल्या मित्रसंप्राप्तीत लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर, मंथरक कासव आणि चित्रांग हरीण एकत्र येतात. पण ते चौघेही जाणते, शहाणे, एकमेकांना नीतिश्लोक ऐकवणारे. त्यांच्यात मूल नाही. त्यामुळे धाकट्याची जागा कशी असते हे तिथून शिकता येत नाही, ते दुसरीकडे शोधावं लागतं.

कागद घ्या आणि मोठ्या सवंगड्यांपैकी प्रत्येकाचा एकेक दोष एका ओळीत लिहा. गुण नकोत, दोषच. कोण बढाईखोर, कोण भित्रा, कोण कायम रडगाणं गाणारा, कोण विनाकारण पुढारी. तीन किंवा चार पुरेत. धाकट्याचं पहिलं काम हे दोष उघडे पाडणं असतं, आणि ते त्याच्या नकळत व्हायला हवं.

मिल्न यांनी हे कसं केलंय ते पहिल्या पुस्तकातल्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत बघा. सगळी मंडळी ओढ्याकाठी थांबली आहेत. रू पहिल्यांदाच आपल्या हाताने तोंड धुतोय, आणि त्याची आई कांगा कौतुकाने तेच सगळ्यांना सांगतेय. तेवढ्यात रू पाण्यात पडतो. आता एकेकाकडे पाहा. घुबड अचानक पाण्यात पडल्यावर काय करावं यावर जड शब्दांत प्रवचन देतं. छोटा डुक्कर पिगलेट जागच्या जागी उड्या मारत ओरडतो. ईयोर गाढव आपली शेपटी पाण्यात सोडून बसतं, तीही रू जिथे पडला तिथेच, आणि रू कधीच पुढे वाहत गेलेला असतो. अस्वल पू कुठूनशी एक काठी आणून खालच्या बाजूला आडवी धरतो आणि पोराला वाचवतो. खुद्द रू? तो एका डबक्यातून दुसऱ्यात घरंगळताना आपण पोहतोय ते बघा, असं आनंदाने ओरडत असतो.

एका पिल्लाच्या पडण्यात चार-पाच स्वभाव उलगडले. एकाचंही वर्णन करावं लागलं नाही. तुमची टोळी तयार झाली की हीच परीक्षा घ्या: धाकटं कुठेतरी पडलं, अडकलं किंवा दिसेनासं झालं, तर प्रत्येक जण काय करेल? दोघांचं उत्तर सारखं आलं तर त्यातला एक जण काढून टाका. हळहळत बसू नका, नंतर कुठे ना कुठे त्याला जागा मिळते.

पायरी २: त्याला हवंय काय?

लपाछपीत किंवा विषामृतात एक कच्चा लिंबू असतो. शेजारच्या काकू सांगून जातात, यालाही घ्या रे. म्हणून त्याला घेतात. तो पळतो, लपतो, ओरडतो, पण आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. ज्यांनी ते भोगलंय त्यांना ठाऊक आहे की बाद न होण्यात सुख काही नसतं. त्या पोराला राज्य हवं असतं.

धाकट्या पात्राची सगळी गोष्ट या हवं-हवंपणात आहे. गोडपणाचं काम चित्र करेल. लेखकाने फक्त ही एक इच्छा धरून ठेवायची. “मलापण” हा शब्द त्याच्या तोंडी आला नाही तरी चालेल, प्रत्येक कृतीत तो दिसला पाहिजे.

मात्र इच्छा मोघम ठेवू नका. “त्याला मोठं व्हायचंय” एवढ्याने चित्र काढता येत नाही. रूला उंच उडी मारायची असते, झाडावर चढायचं असतं, जिथे सगळे निघालेत तिथे जायचं असतं. अशीच डोळ्यांना दिसणारी, एका चौकटीत काढता येणारी इच्छा शोधा.

लेखभर हाताशी राहावं म्हणून एक टोळी मीच रचतो. सह्याद्रीतल्या एका गडाच्या उतारावर बढाईखोर शेकरू झुपका, कुरकुऱ्या साळिंदर काटेराव, आणि पान हललं तरी गाव गोळा करणारी टिटवी टिटूताई. शेकरू दिवसाचं, साळिंदर रात्रीचं, म्हणून यांच्या भेटी दिवेलागणीच्या सुमाराला. (ही अडचण वाटेल, पण गोष्टीला आपोआप एक ठरलेली वेळ मिळते.) धाकटं आहे खवल्या मांजराचं पिल्लू, खवलू. त्याला काय हवंय? आईसारखी घट्ट गुंडाळी करता यायला हवी आहे. प्रत्येक वेळी शेपटीचं टोक बाहेर राहतं.

पायरी ३: प्राण्याचं खरं बालपण शोधा

खवल्या मांजरच का, ते सांगतो, कारण इथे नवखे सगळ्यात घाई करतात. ससा किंवा मांजर घेतलं की बालपण फक्त आकारात दिसतं: मोठा ससा, छोटा ससा. काही प्राण्यांचं बालपण मात्र दिसायला आणि वागायला वेगळंच असतं, आणि तिथे अर्धी गोष्ट निसर्गानेच लिहून ठेवलेली असते. मिल्न यांनी कांगारू खेळणं मुलासाठी आणलं तेच मुळी त्यातून गोष्टी निघतील हे बघून. पिल्लू पिशवीत बसतं म्हटल्यावर पळवापळवी, अदलाबदल, डोकावणं सगळं ओघाने आलं. जंगलात नव्या आलेल्या कांगाच्या पिशवीतून रूला पळवून तिथे पिगलेटला ठेवायचा कट रॅबिट ससा रचतो तो याच जोरावर. कांगाला फसवणूक लगेच कळते. ती कळल्याचं दाखवत नाही, आणि पिगलेटला रू समजून खसाखसा आंघोळ घालते, वर औषधही पाजते.

आपल्या आसपासही असा माल भरपूर आहे. खवल्या मांजराचं पिल्लू आईच्या शेपटीच्या बुंध्याला घट्ट धरून बसतं आणि तसंच फिरतं; जन्मतः त्याचे खवले मऊ असतात; धोका वाटला की आई त्याला आत घेऊन स्वतःची गुंडाळी करते. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच धावू लागतात, आणि आईने इशारा दिला की जमिनीला चिकटून निपचित पडतात. टिबुकली आपली पिल्लं पाठीवर बसवून पोहते. रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात, मोठं झाल्यावर ते जातात. वानराचं नवं पिल्लू काळपट असतं आणि कळपातल्या मावश्या ते आळीपाळीने मागून घेतात. हत्तीच्या पिल्लाला सुरुवातीचे काही महिने सोंडेवर धड ताबा नसतो. यातल्या कुठल्याही एका ओळीवर चार गोष्टी लिहून होतील.

शोध घेताना दोन प्रश्न विचारा. हे पिल्लू कुणाच्या अंगावर बसून फिरतं का? आणि मोठ्यांना जमणारी कुठली गोष्ट त्याला अजून जमत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की मागच्या पायरीतली इच्छा आपसूक हाती येते.

पायरी ४: चित्र

ऑस्ट्रियन प्राणीशास्त्रज्ञ कोनराड लोरेंत्स यांनी १९४३ मध्ये मांडलं की मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यावर खाली असलेले मोठे डोळे, गुबरे गाल आणि आखूड हातपाय पाहिले की माणसाच्या मनात माया जागी होते. कार्टूनवाल्यांनी हे गणित कधीच पाठ केलंय, आणि तिथेच गोची आहे. तुमचं अस्वलही मोठ्या डोक्याचं, घुबडही मोठ्या डोळ्यांचं. सगळेच बाळासारखे असतील तर खरं बाळ ओळखायचं कसं?

म्हणून एकट्या धाकट्याचं चित्र काढत बसू नका. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना एका रेषेवर शेजारी शेजारी उभं करा. मोठी पात्रं साधारण तीन-साडेतीन डोक्यांएवढी उंच ठेवली तर धाकटं दोन डोक्यांचं ठेवा. मोठ्याचं चित्र नुसतं लहान करून चालत नाही. तसं केलं की बुटका माणूस दिसतो, मूल दिसत नाही. मान जवळजवळ काढून टाका. डोळ्यांची रेषा डोक्याच्या मध्याच्या खाली आणा. बारीक रेघा कमी करा: काटेरावला पन्नास काटे काढा, खवलूला सात-आठ खवले बास. मग सगळी चित्रं काळ्या शाईने भरून टाका. नुसत्या सावलीवरून धाकटं कोणतं ते लांबून कळलं पाहिजे.

आता अशी अडचण, जी चौकटी काढायला लागल्याशिवाय कळत नाही. धाकटं इतकं बुटकं असतं की मोठ्यांचे चेहरे चौकटीत घेतले की ते खाली राहतं, आणि त्याला घेतलं की मोठ्यांची डोकी कापली जातात. त्याच्या संवादाचा फुगा सगळ्यांच्या पायांमधून वर न्यावा लागतो. उपाय एकच, त्याला उंची मिळवून द्या. पूच्या पुस्तकांचे चित्रकार ई. एच. शेपर्ड यांच्या रेखाटनांत रूचं डोकं आईच्या पिशवीतून बाहेर येतं आणि तो मोठ्यांच्या बोलण्यात सामील होतो. खवलूसाठी आईची शेपटी आहे, झुपक्याची फांदी आहे, गडाची ढासळलेली पायरी आहे. काटेरावची पाठ मात्र नाही, आणि हा विनोद दर तीन गोष्टींनी एकदा वापरायला हरकत नाही.

पायरी ५: बोलणं

बोबडं बोलणं टाळा. “मला तॉकलेत दे” एकदा हसवतं. दहाव्या फुग्यात वाचणारी आई कंटाळते आणि नुकतं वाचायला शिकलेलं मूल अडखळतं. उच्चार शुद्ध ठेवून चुका व्याकरणाच्या करू द्या. तीन-साडेतीन वर्षांची मुलं “मी केलं”ऐवजी “मी करलं” म्हणतात, होऊन गेलेलं सगळं “काल” असतं आणि व्हायचं सगळं “उद्या”. “उद्या मी पडलो होतो” हे वाक्य कुठल्याही तोतरेपणापेक्षा जास्त लहान आहे.

मराठीत आणखी एक सोय आहे, आणि ती वाया घालवू नका: नात्याची हाक. खवलू साळिंदराला “काटेकाका, तुम्ही” म्हणेल, टिटवीला “टिटूताई, तू”, शेकराला “झुपकादादा”. काटेराव त्याला “ए कार्ट्या” म्हणतील, टिटूताई “सोनुल्या”, झुपका नुसतं “ए पिल्ल्या”. वयाचा एकही आकडा न देता उतरंड तयार झाली. मग ज्या दिवशी झुपका त्याला नावाने हाक मारेल, तो दिवस गोष्ट म्हणून पुरेल.

अगदी कमी बोलणारं धाकटंही चालतं. २००३ पासून चालू असलेल्या कोरियन पोरोरो मालिकेत क्राँग नावाचा छोटा डायनोसॉर सुरुवातीला फक्त “क्राँग, क्राँग” म्हणतो. हट्ट, रुसवा, आनंद, सगळं सुरावरून कळतं. हे पडद्यावर आवाजामुळे निभतं. छापील चित्रकथेत निभवायचं तर चेहरे काढण्यात हात बसलेला हवा, नवख्याने यात पडू नये असं माझं मत.

पायरी ६: सांभाळणारं कोण?

लहान मूल आलं की सांभाळणारं माणूस येतं, आणि ते माणूस जबाबदार असेल तर एकही साहस होऊ देणार नाही. आईला क्रूर किंवा बेफिकीर न करता बाजूला कसं काढायचं?

दुसऱ्या पुस्तकात कांगाला एके सकाळी घरातल्या वस्तू मोजायची हुक्की येते, रूच्या बंड्या वगैरे. म्हणून ती रू आणि टिगर वाघोबाला सँडविचं बांधून देऊन रानात पाठवते. किती साधं, आणि किती आईसारखं! पोरं वाटेत साहसाला भिडतात. टिगर, ज्याला सगळंच येतं, रूला पाठीवर घेऊन पाइनच्या झाडावर चढतो, आणि चढल्यावर कळतं की त्याला उतरता येत नाही. घाबरगुंडी मोठ्याची उडते. धाकट्याला सगळी मजा वाटते. शेवटी खाली अंगरखा ताणून धरतात तेव्हा रू बेधडक उडी टाकतो आणि टिगर फांदीला चिकटून राहतो.

ही जोडी लक्षात ठेवा: धाकटं आणि त्याच्याहून थोडासाच मोठा, फाजील आत्मविश्वास असलेला भिडू. आईच्या गैरहजेरीत सांभाळायचं काम याच्याकडे द्या. आमच्या टोळीत झुपका याच लायकीचा आहे.

आईला घालवताना तिला दूरगावी किंवा आजारी पाडू नका, लहान वाचक तिथेच अडकून बसतात. खवलूची आई वारूळ उकरत असू दे, हाकेच्या अंतरावर.

पायरी ७: धाकट्याला पुढे कधी आणायचं?

उशिरा, आणि जपून. १९७९ साली स्कूबी-डू या भित्र्या कुत्र्याच्या कार्टून मालिकेची लोकप्रियता घसरत होती म्हणून स्कूबीचा भाचा स्क्रॅपी आणला. चिमुरडा, धीट, भूत दिसलं की मुठी वळून धावणारा. मालिका तगली, पण पुढच्याच वर्षापासूनच्या छोट्या भागांतून टोळीतले फ्रेड, डॅफ्नी आणि वेल्मा गायब झाले, आणि जुन्या चाहत्यांच्या मनात स्क्रॅपीबद्दल जी अढी बसली ती एवढी, की २००२ च्या चित्रपटात त्यालाच खलनायक केलं. मला विचाराल तर दोष त्याच्या शौर्याचा आहे. त्या टोळीचा सगळा विनोद घाबरण्यावर उभा होता, आणि मधे एक न घाबरणारा आणून बसवला. त्याला काही शिकायचंही नव्हतं. आल्या दिवसापासून सगळं येतच होतं.

याच्या उलट डिस्नेचा २००५ चा हेफलंपवाला चित्रपट बघा. मोठे सगळे हेफलंप नावाच्या भयंकर जनावराला पकडायला निघतात, तू लहान आहेस म्हणून रूला घरी ठेवतात. तो एकटाच निघतो आणि त्याला भेटतो तो हेफलंपाचाच एक लहानगा, लंपी. दोघं मित्र होतात. मोठ्यांची भीती ऐकीव होती. रूकडे ती पुरती पोचलेलीच नव्हती, म्हणून ही गोष्ट त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाची होऊच शकली नसती. धाकट्याला नायक करण्याआधी हाच निकष लावा. झुपक्यानेही हे केलं असतं असं वाटलं, तर ती गोष्ट झुपक्याची. आणि कुणी विचारलं म्हणून सांगतो, धाकट्याच्या हाती शहाणपणाची शेवटची ओळ देऊन मोठ्यांना खजील करायची सवय लावून घेऊ नका.

पायरी ८: हक्कांचं थोडक्यात

रूच घेऊन मराठीत गोष्टी कराव्यात असं वाटत असेल तर एवढं जाणून घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. मिल्न १९५६ मध्ये गेले, म्हणजे मूळ मजकूर इथे मोकळा आहे. शेपर्ड १९७६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रं अजून मोकळी नाहीत, आणि डिस्नेची रूपं तर पूर्ण वेगळी मालमत्ता. छापायचं असेल तर वकिलाला विचारा. स्वतःचं खवलू केलं की हा प्रश्नच येत नाही.

पायरी ९: मुलांपुढे ठेवा

पहिली गोष्ट लांब नको, आठ ते बारा चौकटी. पूर्ण रंगवायची गरज नाही, पेन्सिलीचा कच्चा आराखडा चालेल. चार ते सात वर्षांच्या दोनतीन मुलांना वाचून दाखवा. शक्यतो आपल्या घरातली नकोत, ती तुमच्या तोंडाकडे बघून हसतात.

आवडली का, असं विचारू नका. कागद-खडू द्या आणि टोळीचं चित्र काढायला सांगा. धाकटं राहून गेलं तर पायरी २ वर परत जा, त्याची इच्छा पोचलेली नाही. ते काढलं पण सगळ्यांएवढंच काढलं तर पायरी ४ मध्ये रेषेवर उभं करायचं काम पुन्हा करा. एखाद्या मुलाने खवलूची गुंडाळी काढून शेपटीचं टोक आठवणीने बाहेर ठेवलं, तर दुसरी गोष्ट लिहायला घ्या.